तुम्ही विचारलंत म्हणून: विम्यावरचा कर गेला, तरी मी गप्प का नाही

"गेला ना ताई तो जीएसटी, मग आता काहून बोलून राहिल्या?" माझे निम्मे ग्राहक हेच विचारतात. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर कर शून्य आहे, हे विमा एजंटला सांगावं लागत नाही. 2024च्या जुलैत नागपूरच्याच एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या निवेदनावरून गडकरींनी हा कर काढा म्हणून अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण माझं दुखणं त्याआधीचं आहे.

2023चा ऑक्टोबर. नागपूरच्या महाल भागातला एक हार्डवेअरवाला. आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा हप्ता 22,000, त्यावर 18 टक्के, म्हणजे 3,960. त्या आकड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ताई, हे चार हजार कायचे?"

"सरकारचे. सगळेच भरतात."

"दवाखान्याच्या भीतीवरही?"

मी घाईत होते. म्हटलं, "आपलं सरकारी मेडिकल हॉस्पिटल मग कशावर चालतं?"

त्याला दिवाळीचा माल भरायचा होता. दिवाळी होऊ द्या म्हणाला. मुदतीनंतर हप्ता भरायला मिळणारे वाढीव तीस दिवसही निघून गेले. डिसेंबरात त्याच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. रात्री दहाला धंतोलीतल्या एका दवाखान्यातून त्याचा फोन: "ताई, कार्ड चालून नाही राहिलं." मी पॉलिसी नंबर तीनदा टाकून पाहिला. तिन्ही वेळा 'बंद'. मागून काउंटरवरची मुलगी डिपॉझिटचं विचारत होती, ते मला ऐकू येत होतं. आधी बांगड्या गहाण पडल्या, मग बेसा रोडचा प्लॉट गेला.

सगळं खापर करावर फोडणं मला सोयीचं आहे. मी आठवणीचा एकच मेसेज पाठवला होता. आमचं कमिशन मूळ हप्त्यावर असतं, म्हणून कराची ती ओळ मी कधी नीट वाचलीच नव्हती. 3,960 नसते तर त्यानं भरले असते? शपथेवर नाही सांगू शकत.

आणि कर नकोच, असंही मी म्हणत नाही. मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आपल्या करांवरच चालतात. त्या दिवशीचं माझं उत्तर मला आजही खोटं वाटत नाही. पण इन्कम टॅक्स मिळकत पाहून लागतो. हप्त्यावरचे 18 टक्के सिव्हिल लाइन्सच्या बंगल्याला आणि महालातल्या दुकानाला सारखेच लागत. 2017च्या जुलैआधी तिथे 15 टक्के सेवा कर होता. एकीकडे विमा घ्या म्हणून इन्कम टॅक्समध्ये आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी 80-डी कलमाची वजावट, तीही नव्या करप्रणालीत नाही, आणि दुसरीकडे त्याच हप्त्यावर कर, असं तेव्हा होतं. शेवटच्या चार हजारांवर अडतो तो नेहमी काठावरचाच माणूस.

आता कर नाही, पण विमा कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावटही मिळत नाही. तो भार उद्या मूळ हप्त्यात चढू शकतो. म्हणून हप्ता कायमचा स्वस्त झाला, असं मी कोणाला सांगत नाही.

मागच्या महिन्यात तो हार्डवेअरवाला परत आला. नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर कराच्या जागी शून्य पाहिलं. मग खालची ओळ वाचली: आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळायला तीन वर्षं प्रतीक्षा. जुनी पॉलिसी तुटली नसती तर ही वर्षं पुन्हा मोजावी लागली नसती, हे मलाच त्याला सांगावं लागलं. त्यानं फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. अजून भरून दिलेला नाही.