दीड इंच माया : आमची वाटचाल

शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. आमचा आजचा धंदा या मायेवर उभा आहे. सुरुवात मात्र तिथून झाली नव्हती.

२००९ साली मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघींनी कोथरूडच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत एका पायमशीनवर ब्लाउज शिवायला घेतले. फॉल-बिडिंग, अस्तराचे ब्लाउज, लग्नसराईची घाई, हुक आणि लेस आणायला तुळशीबागेत चकरा. पाच वर्षं असंच चाललं.

मग एक काकू आल्या, बावन्न वर्षांच्या. नेहमीप्रमाणे मी म्हटलं, "मापाचा ब्लाउज आणलाय ना?" त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "अगं, मापाचा एकही उरला नाही. एकही अंगात जात नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. कपाटात चाळीसच्या वर ब्लाउज, आणि त्यांच्या जोडीच्या साड्या सहा वर्षं घडी न मोडलेल्या. बारीक झाले की नेसेन, म्हणून ठेवलेल्या. माप घेताना आकडा मोठ्यानं सांगू नकोस, असं त्यांनी जावेला दोनदा सांगितलं. त्या दिवशी माझ्या पोटात तुटलं. इतक्या हौसेनं घेतलेल्या साड्या, आणि बाई स्वतःच्याच कपाटासमोर अपराधी होऊन उभी!

यात अपराध कसला? पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाभोवती साठू लागते. काट्यावर वजन तेच असलं तरी कंबर वाढते. दंड भरतो, छाती उतरते, पाठ जराशी बाकदार होते. म्हणजे जुना ब्लाउज नुसता सैल करून भागत नाही. टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या, खाली घ्यावे लागतात, पाठीची उंची वाढवावी लागते. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं; एकेक ब्लाउज उसवत शिकलो.

उसवताना एक मोठी चूकही झाली. एका ताईंचा अंजिरी रेशमी ब्लाउज मी सैल केला, आणि आतलं कापड बाहेरच्यापेक्षा चांगलंच गडद निघालं. वर जुन्या टिपेची भोकंही दिसत राहिली. त्यांच्या आईनं दिलेल्या साडीवरचा होता तो. पैसे परत केले, पण त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून आधी दोन बोटांएवढीच टीप उसवून रंग बघतो, मगच होकार देतो. रंग जुळत नसेल तर साडीचं कमरेला खोचायचं आतलं टोक असतं, तिथून कापड काढून बगलेखाली कळी, म्हणजे जोडाची पट्टी, घालतो. ते टोक कुणाला दिसत नाही आणि कापड अगदी त्याच साडीचं मिळतं.

आता आम्ही घरी जाऊन कपाटच लावून देतो. ताई, काकू जे असतील ते प्रत्येक कपडा अंगात घालून बघतात. नुसतं आरशासमोर उभं राहून नाही. हात वर करायचे, खुर्चीत बसायचं, जमिनीवर मांडी घालायची. बसल्यावर कंबर वाढते, म्हणून सलवारीचं आणि पँटचं माप आम्ही बसूनच घेतो. अंगावर वळ उठवणारा कपडा लगेच बाजूला. चाळिशी-साठीच्या दरम्यान खांदा आखडण्याचा त्रास अनेकींना होतो, मधुमेह असेल तर जास्तच. त्यांचा हात पाठीमागे जात नाही, म्हणून मागचे हुक काढून पुढे लावतो. अंगातून वाफा येणाऱ्यांचं सिंथेटिक अस्तर काढून सुती घालतो. तयार जीन्समध्ये मायाच नसते, तिथे सरळ नाही सांगतो. पुरुषांच्या शिवलेल्या पँटला मात्र मागच्या मधल्या शिलाईत बरंच कापड असतं. काका लोक लाजत लाजत ती घेऊन येतात, त्यांचंही मनापासून करतो.

कपाटातून निघालेलं कुणाला द्यायचं, हे घरच्या बाईनं ठरवायचं. कुणी लेकीला देतं, कुणी अजूनही बोहारणीची वाट बघतं, मऊ सुती साड्या गोधडीला जातात. एखादी साडी कधीच नेसणार नाही हे ठाऊक असूनही ठेवायची असेल तर ठेवावी. आम्ही घाई करत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत खोली बंद होती, मास्क शिवून दिवस काढले. पण नंतर लोकांनी कपाटं उघडली आणि फोन सुरू झाले. तेव्हापासून नव्या शिलाईपेक्षा हेच काम जास्त आहे. आता तीन मशीन आहेत, इंटरलॉक वेगळं, आणि शेजारच्या दोन मावशी मदतीला येतात. दसऱ्यानंतर दिवाळीपर्यंत कपाटाचं काम घेत नाही, हात पुरत नाहीत.

नवा ब्लाउज शिवताना मायेबद्दल आम्ही हट्टी आहोत. बाजूच्या दोन शिलाया, प्रत्येकीला दोन पदर. प्रत्येक पदरातून एकेक इंच सोडला की चार इंच मिळतात. शिंपी कापड वाचवायला अर्धा इंच ठेवतात, आम्ही दीड ठेवतो. परवा एका तेवीस वर्षांच्या नवरीनं विचारलं, आत एवढं कापड कशाला? तिची आई शेजारीच बसली होती. तिनंच उत्तर दिलं, "राहू दे गं."