वजन उतरलं, युरिक ॲसिड चढलं : १६:८ चा अपडेट

राजेहो, मला गाउट आहे, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे दुखण्याचा आजार. मागच्या वेळी १६:८ (१६ तास उपास, ८ तासांत खाणं) मस्त बसलं म्हणून लिहिलं होतं, आता गाडी अडलीय. वजन उतरतंय, पॅन्ट सैल झाल्या, शुगर छान, आणि युरिक ॲसिड ७.२ वरून ८.१! मधात उजव्या पायाच्या अंगठ्याला गाउटचा एक जोरदार अटॅकही येऊन गेला, नेहमीसारखा पहाटेच. रिपोर्ट अटॅक पूर्ण उतरल्यावर काढलाय हां, कारण ऐन अटॅकमधे आकडा नॉर्मलही येऊ शकतो आणि माणूस फसतो.

आता मटण नाही, बिअर नाही, सावजीकडे तर फिरकलोही नाही, मग वाढलं कशानं? डॉक्टरांनी नीट समजावलं. उपास लांबला की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि किडनीतून बाहेर पडायला कीटोन आणि युरिक ॲसिड यांची एकाच दारात रेटारेटी होते. कीटोन निघतात, युरिक ॲसिड मागे राहतं. त्यात नागपूरचा उन्हाळा, ४५ च्या वर पारा, कूलरसमोर झोपलं तरी रात्रभर घाम, लघवी कमी, म्हणजे युरिक ॲसिड बाहेर जायचा रस्ता अजूनच अरुंद. ६.८ च्या आसपास ते रक्तात विरघळून राहायचं थांबतं आणि स्फटिक धरायला लागतात, म्हणून टार्गेट ६ च्या खाली. मी १६ तासांवर रविवारी २४ तासांचाही उपास धरत होतो, तो डॉक्टरांनी सरळ बंद करायला सांगितला. युरिक ॲसिड कमी करणारी अॅलोप्युरिनॉलची गोळी १०० ची २०० केली, आणि बजावलं की पुढे अटॅक आला तरी ही गोळी मनानं बंद करायची नाही. डोस वाढवल्यावर सुरुवातीला अटॅक येऊ शकतो म्हणून तो टाळायला सोबत कोल्चिसिन कमी डोसमधे दिलंय.

घरी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर युरिक ॲसिड मोजायच्या मीटरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. माझं मत, फक्त चढ-उतार बघायला ठीक, आकड्यावर विश्वास ठेवून गोळी बदलू नका. आणि मे महिन्यात त्या मीटरच्या पट्ट्या ऑनलाइन मागवूच नका! डब्यावर ३० डिग्रीच्या आत ठेवा असं लिहिलेलं, आणि कुरिअरची गाडी दुपारभर उन्हात उभी. त्या डब्यातल्या पट्ट्यांनी एकाच बोटाचे दोन वेगळेच आकडे दाखवले. आता धरमपेठेतल्या एसी मेडिकलमधून घेतो, महाग पडतं पण निदान भरवसा आहे.

खाण्यात एक गोष्ट मनापासून सांगतो, वरण सोडू नका. डाळीतल्या प्युरिनचा (ज्यातून शरीरात युरिक ॲसिड बनतं) मटण-कलेजीसारखा त्रास होत नाही, मी तुरीचं वरण, झुणका सगळं खातो. सोडायचा असेल तर रसवंतीचा रस सोडा, उसाच्या साखरेत अर्धं फ्रुक्टोज असतं आणि ते युरिक ॲसिड वाढवतं. संत्र्याचा ज्यूसही नाही, अख्खं संत्रं सोलून खायचं. दुपारी लोणी काढलेलं ताक मात्र रोज, त्यानं खरंच बरं वाटतं.

तर प्लॅन असा होता की १४:१० करायचं, सकाळी १० ते रात्री ८. पण लिहिता लिहिताच वाटतंय की ही खिडकी, म्हणजे खायची वेळ, अजून अलीकडे ओढावी, सकाळी ८ ला पोहे आणि संध्याकाळी ६ ला शेवटचं जेवण. म्हणजे उन्हाच्या वेळी पोटात काहीतरी असेल, पाणीही जेवणासोबत आपोआप जास्त जाईल. तास तेवढेच, पण तळपत्या उन्हात उपाशी नाही. घरचे ६ ला जेवायला तयार होतील असं दिसत नाही, मी एकटा बसेन.

आणि हो, अजून एक सुचलं. लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या मेडिकलमधे मिळतात. सकाळी उठल्यावर कीटोन आणि युरिक ॲसिड दोन्ही सोबत लिहून ठेवले तर कळेल ना की माझा आकडा खरंच कीटोनमुळे चढतोय की फक्त पाणी कमी पडतंय. हे आधी करतो, खिडकी आठवडाभर आहे तशीच ठेवतो, नाहीतर दोन्ही एकदम बदललं तर काहीच कळायचं नाही.

आनंदाची बातमी म्हणजे काल चप्पल सोडून बूट घातले आणि अंबाझरीला पूर्ण चक्कर मारली, अंगठ्यानं हूं की चूं केलं नाही. फार बरं वाटलं.

श्रावण सोमवार येतायत, आईसोबत धरणार, पण दिवसभर ताक आणि लिंबूपाणी चालू ठेवून, डॉक्टरांना विचारलंय. तुमच्यापैकी कोणी गाउट असताना श्रावण पाळला असेल तर संध्याकाळी उपास सोडताना काय खाल्लं ते सांगा. कीटोनचे आकडे आले की टाकतो.