निर्लेखित भुतं

मराठीतल्या जुन्या, लहान प्रकाशकांच्या भयकथा शोधायला पुस्तकांच्या दुकानात गेलात तर हात हलवत परत याल. ती पुस्तकं दुकानासाठी छापलीच नव्हती. एका खोलीत छापखाना, त्याच खोलीत प्रकाशनाचं कार्यालय, दोन रंगांत छापलेलं मुखपृष्ठ (बाई, कंदील आणि अर्धवट उघडं दार, या तीन वस्तूंवर किती चित्रकारांची पोटं भरली असतील देव जाणे) आणि ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे गावोगावची वाचनालयं. म्हणून ही पुस्तकं गोळा करायची तर पुस्तकविक्रेत्याच्या नव्हे, वाचनालयाच्या मागे लागावं लागतं. त्यातही मोडकळीला आलेल्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, घरची थोडी शेती आहे. कपाशी, तूर, पाणी असलं तर हरभरा. भयकथा लहानपणापासून वाचतो, पण जमवायला लागलो ते २०१८ नंतर. त्या ऑक्टोबरमध्ये ‘तुंबाड’ चित्रपट आला आणि भयकथाकार नारायण धारपांचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं तेही त्यांची पुस्तकं विचारू लागले. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला धारपांची गोष्ट पहिल्यांदा ऐकायला मिळाली ती १९९३ मध्ये, आपल्या नागझिऱ्याच्या अभयारण्यात, एका मित्राच्या तोंडून. हे वाचलं तेव्हा मला विनाकारण अभिमान वाटला होता. धारप २००८ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं आता नव्यानं छापली गेली आहेत, घरबसल्या मागवता येतात. प्रश्न त्यांचा नाही. त्यांच्या आगेमागे ज्यांनी चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि जे प्रकाशकासकट बुडाले, त्यांचा आहे.

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. नागपूरला गेलो की बर्डीवर फूटपाथच्या जुन्या पुस्तकांत डोकं घालायचं, पुण्याला कोणी जाणार असलं की त्याच्या हाती यादी द्यायची. हाती लागायचे ते दिवाळी अंक. ‘नवल’, ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’. तेही वाईट नाहीत, उलट गूढकथेला मराठीत इतकी वर्षं हक्काची जागा दिली ती या अंकांनीच. पण कादंबऱ्या नाहीत.

मग तालुक्यातल्या एका जुन्या वाचनालयात कामानिमित्त गेलो असताना तिथल्या ग्रंथपाल सरांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. जमिनीपासून खिडकीपर्यंत गठ्ठे. सर म्हणाले, “हे निर्लेखनाचे आहेत.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेतात, अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. अनुदानातून घेतलेलं पुस्तक ग्रंथपालाच्या मर्जीनं रद्दीत जात नाही. दाखल रजिस्टरात प्रत्येकाचा नंबर असतो. फाटलं, हरवलं, उधईनं खाल्लं तर त्याची यादी होते, ती कार्यकारी मंडळापुढे जाते, ठराव होतो, रजिस्टरात नंबरापुढे लाल शाईनं शेरा पडतो आणि मगच ते पुस्तक वाचनालयाचं राहत नाही. यालाच निर्लेखन म्हणतात. म्हणजे “सर, एवढी चार द्या ना” म्हणून चालत नाही. सरांनी द्यायची म्हटली तरी त्यांना देता येत नाहीत.

मी अर्ज केला. अर्ज हरवला. पुन्हा केला, या वेळी पोच घेतली. मंडळाची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, नंतर पेरणीचे दिवस आले, नंतर कुठली तरी निवडणूक. दर खेपेला सर चहा पाजायचे आणि “होऊन जाईल” म्हणायचे. शेवटी सभा झाली तेव्हा सचिवांनी मला बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं.

“कोनती पुस्तकं पाह्यजे तुले?”

“भुताची, काकाजी. रहस्याची असली तरी चालतील.”

“भुताईचीच काहून? ग्रामगीता हाये, शेतीची हायेत, थे नाही पाह्यजे?”

“तीबी नेतो.”

“मंग असं कर. किलोच्या भावानं देतो, पन सगयं न्या लागते. निवडून देनार नाही. निवडून देलं त उद्या कोनी म्हनन का मंडळानं चांगली चांगली घरी नेली.”

म्हणणं रास्त होतं. छोटा हत्ती केला आणि सगळं नेलं. त्यात पंचवार्षिक योजनांचे अहवाल होते, मधमाशीपालन होतं, एकाच पुढाऱ्याच्या गौरवग्रंथाच्या कोऱ्या प्रती होत्या. आणि भुतं होती, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त.

ती इतकी का निघाली हे पुस्तकांच्या शेवटी डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहिल्यावर कळलं. गौरवग्रंथाची चिठ्ठी कोरी. भयकादंबरीच्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांवर शिक्के, चिठ्ठी भरली म्हणून खाली दुसरी चिकटवलेली, तिच्याखाली तिसरी. निर्लेखनाच्या यादीत पहिला नंबर लागतो तो सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या पुस्तकाचा, कारण तेच आधी फाटतं. न वाचलेलं कपाटात ताठ उभं राहतं. पन्नास वर्षांनी कोणी त्या कपाटाकडे पाहून गावानं काय वाचलं ते ठरवू लागला, तर तो नेमका उलटा निष्कर्ष काढेल. माझ्या मते मराठी भयकथेचा इतिहास असा उलटाच लिहिला गेला आहे. ती ‘कोणी फारशी गंभीरपणे घेतली नाही’ असं म्हणतात. घेतली हो, इतकी घेतली की पानं सुटली.

परदेशात या छंदाची तऱ्हा वेगळी आहे. अमेरिकेत ऑगस्ट डर्लेथ आणि डोनल्ड वॉन्ड्री या दोघांनी भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथा पुस्तकरूपात आणायला १९३९ मध्ये ‘अर्कम हाउस’ नावाचं छोटं प्रकाशन काढलं, पहिल्या पुस्तकाच्या १,२६८ प्रती छापल्या. आज त्या प्रतीचं वेष्टन शाबूत आहे की नाही यावर किंमत ठरते. आमच्याकडे वेष्टन सोडा, मुखपृष्ठ मिळालं तरी पेढे वाटावेत. वाचनालयाचा बाइंडर पहिलं काम काय करतो, तर मुखपृष्ठ फाडून लाल-हिरव्या कापडाचा पुठ्ठा चढवतो. अनेकदा त्याच्याबरोबर नावाचं पानही जातं.

म्हणून हातात आलेलं पुस्तक कोणतं आणि कधीचं, हे ठरवणं हाच माझ्या छंदाचा निम्मा भाग आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त मजा त्यातच आहे. किंमत आण्यांत असेल तर ते बहुतेक १९५७ च्या आधीचं. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. किंमतीचं पान गेलं असेल तर मजकुरातले अनुस्वार पाहायचे. ‘तिनें दार उघडलें, बाहेर कोणी नव्हतें’ असं असेल तर ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं, किंवा जुन्या वळणाच्या मुद्रितशोधकाच्या हाताखालून गेलेलं. प्रकाशकाच्या पत्त्यात नुसतं ‘पुणे २’ असेल तर आधीचं, सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा आला. साल शालिवाहन शकात दिलं असेल तर ७८ मिळवायचे. काही प्रकाशक ‘प्रथमावृत्ती : वसंतपंचमी’ एवढंच छापून मोकळे होत. त्यांना काय म्हणावं! पान उलटं करून बोट फिरवलं की खिळ्यांचा दाब लागतो का तेही बघतो. लागला तर खिळे जुळवून ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रावर केलेलं काम, नाही लागला तर ऑफसेट, म्हणजे बरंच अलीकडचं.

शिवाय प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. कोणाचं एकविसावं, कोणाचं एकावन्नावं. पुस्तक चोरीला गेलं आणि चोरानं पहिली-शेवटची पानं फाडली तरी ओळख पटावी म्हणून तिथे शिक्का मारून ठेवतात. मी आता शिक्का नसलेली स्वच्छ प्रत आणि शिक्क्यांनी बरबटलेली प्रत समोर आली तर दुसरी उचलतो. ती कोणत्या गावात फिरली ते तरी कळतं.

जपणुकीचं थोडं सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कागद पापडासारखा तुटतो. पावसाळ्यात बुरशी, बारा महिने कसर आणि उधई. कडुनिंबाचा पाला सगळेच सांगतात, पण पुस्तकाच्या आत शिरलेली कीड त्याला भीक घालत नाही. जमतो तो उपाय गारठ्याचा. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचं आणि डीप फ्रीझरमध्ये उणे अठराला दोनेक आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, पुस्तक बाहेरच्या हवेइतकं गरम होऊ द्यायचं, नाहीतर दव धरून पानं ओली होतात. माझा फ्रीझर म्हणजे गावातल्या आइस्क्रीमवाल्या मित्राचा. हिवाळ्यात तो बराचसा रिकामा असतो. एका पोरानं कुल्फी काढायला झाकण उघडलं आणि समोर पिशवीतली कवटी बघून बोंब ठोकली. मुखपृष्ठ असलेल्या मोजक्या पुस्तकांपैकी ते एक होतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. तो पिवळा पडतो आणि मजकूर घेऊनच सुटतो. पातळ कागद आणि मैद्याची लई बरी. लईत मोरचूद घालायची बाइंडरांची जुनी पद्धत आहे, किडा लागत नाही म्हणून, पण त्यानं कागद काळवंडतो असं माझं निरीक्षण आहे, मी घालत नाही.

आता वाचण्याबद्दल, कारण न वाचता जमवणाऱ्यांशी माझं पटत नाही. मी वाचतो ते जागलीवर. हरभरा घाटे धरायला लागला की रानडुकरं आणि रोही (नीलगायी) येतात, रात्रभर मळ्यात राहावं लागतं. माळ्यावर बसून, डोक्याला बॅटरी लावून एका बैठकीत एक कादंबरी होते. तिथे वाचलं की पुस्तकाचा कस लागतो. पुण्याचा वाडा, कोकणातली विहीर, माडांची सळसळ, हे सगळं आमच्या शिवारात पार फसतं, एक केस उभा राहत नाही. कोकणानं मराठी भुतांचा मक्ता घेतला आहे ही माझी जुनी तक्रार आहे. आमच्याकडे भीती चकव्याची. ओळखीच्या पांदणीनं निघालेला माणूस रात्रभर स्वतःच्याच धुऱ्यावरून (बांधावरून) फिरत राहतो आणि उजाडल्यावर घरापासून हाकेच्या अंतरावर सापडतो. त्यात बाई नाही, कंदील नाही. तो नीट कागदावर उतरवलेला मी एकाच ठिकाणी वाचला, एका पातळ, पिन गंजलेल्या पुस्तिकेत, आणि त्या रात्री बॅटरी बंद करून खाली उतरायला मी बराच वेळ लावला.

आणि खरी भीती समोर आली की गोष्टीतली कशी पळते, तेही २०१८ च्याच दिवाळीच्या आधी आमच्या जिल्ह्यानं पाहिलं. राळेगाव-पांढरकवड्याकडे टी-१ वाघिणीची दहशत होती, नोव्हेंबरच्या दोन तारखेला ती मारली गेली. तिकडच्या माझ्या मावसभावानं त्या हंगामात जागल सोडली, कापूस वेचायला बायका मिळेनात. मी त्याला वाचायला एक कादंबरी पाठवली होती. त्यानं फोन केला, “दादा, हे राहू दे सद्या, इथं भूत आलं त बरं वाटन.”

नवीन पुस्तकंही घेतो. आता पोरं मोबाइलवर कथा लिहितात, वाचक जमले की प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करून मोजक्या प्रती छापतात. मुखपृष्ठ झकास, बांधणी लेचीपेची, मुद्रितशोधन तर जवळजवळ नाहीच. पण पहिली आवृत्ती संपली की विषय संपला, म्हणून निघाल्याबरोबर घेऊन टाकावीत. पार्सल ट्रॅव्हल्सनं मागवावं, रात्री पुण्यात टाकलं की सकाळी दारव्ह्यात.

सध्या हातात आहे ते एक बेनाव पुस्तक. पहिला फर्मा नाही, म्हणजे सोळा पानं गेली, शेवटची काही पानंही नाहीत. अनुस्वारांवरून बासष्टच्या आधीचं असावं. तळ्यात बुडालेल्या गावाची गोष्ट आहे, आणि लिहिणारा उगाच किंचाळत नाही. नाव शोधायला एकच धागा सापडला. जुने छापखाने बाइंडरच्या सोयीसाठी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं आणि फर्म्याचा आकडा टाकत. इथे ‘का. रा. ५’ असं आहे. काळी रात्र, काळरात्र, काजळराई, जे सुचेल ते लावून दाखल रजिस्टरं चाळतो आहे. लगतच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाची यादी मार्चअखेर मंडळापुढे जाणार आहे. तिथे अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. दुसरी फाटकी प्रत निघाली तर हरवलेली पानं झेरॉक्स करून दोन्ही पुऱ्या करता येतील, मशीन घरचंच आहे. आणि कोणाकडे तळाशी ‘का. रा.’ असलेलं पुस्तक असेल तर ते मला विकू नका, फक्त पहिल्या सोळा पानांचे फोटो काढून पाठवा.