‘सापवाला आला’ म्हटल्यावर काय काय ठरून जातं

सापांच्या नादाला लागलेल्या माणसाला महाराष्ट्रात नावांची कमतरता नाही. घरचे ‘सापवेडा’ म्हणतात, गल्लीतली पोरं ‘सापवाला’, वर्तमानपत्रं ‘सर्पमित्र’, सत्कार करणारं मंडळ ‘सर्पतज्ज्ञ’, आणि ज्यांना फरकच करायचा नसतो ते ‘गारुडी’. या नावांवरून सर्पमित्रांमध्ये भरपूर वाद होतात. लांबून पाहणाऱ्याला ते मानापमानाचं प्रकरण वाटतं, पण मानापमानाचा भाग त्यात थोडाच आहे. दारात जमलेली पन्नास माणसं आलेल्याला कोण समजतात, त्यावर ती त्याच्याकडून काय मागणार हे ठरतं. आणि त्या मागण्यांपायी साप किंवा माणूस जखमी होतो.

‘गारुडी’ हे नाव सगळ्यात जास्त झोंबतं. टोपलीतल्या नागाचे दात उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, तो उपाशी असतो आणि काही आठवड्यांत मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि नाग, घोणस, धामण हे पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या रांगेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आहे. तेव्हा साप सोडवायला गेलेल्याला गारुडी म्हटलं की तो चिडतो, हे समजू शकतं. पण राग साप खेळवणाऱ्या जमातींवर काढणं चूक आहे. पिढ्यानपिढ्या साप ओळखणारी, बिळाच्या तोंडावरची खूण वाचणारी माणसं त्यांच्यातच होती. तामिळनाडूतले इरुला आदिवासी एके काळी कातडीसाठी साप पकडायचे. १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था साप पकडून विष काढते आणि साप परत सोडते. त्या विषावरच आपल्याकडच्या प्रतिविषाचा, म्हणजे सर्पदंशावरच्या औषधाचा, मोठा भाग उभा आहे. हे माहीत असलेला सर्पमित्र ‘गारुडी’ हा शब्द दुसऱ्याला शिवीसारखा वापरत नाही.

‘सापवाला’ म्हटल्याचं बहुतेकांना काही वाटत नाही. अडचण एवढीच की सापवाल्याने साप ‘घेऊन जायचा’ असतो, मग तो कुठे का असेना. शेताच्या बांधावर धामण दिसली, ओढ्यात दिवड दिसला, मैदानाच्या कडेला नानेटी दिसली, तरी फोन येतो. अशा सापाला हात लावायचं कारण नाही. तो जिथे आहे तिथेच राहणारा आहे. घर, गोठा, शाळा, दवाखाना, गाडीचं बॉनेट, जाळ्यात अडकलेला किंवा विहिरीत पडलेला साप, यांसाठी निघायचं. बाकीच्या वेळी फोनवर दहा मिनिटं देऊन समजावणं हेच काम. ‘न पकडता आलो’ हे सांगण्यात कमीपणा वाटू न देणं हे नवीन मुलांना शिकवायला सगळ्यात अवघड जातं, कारण त्यांना मिळालेलं नावच पकडण्यावरून पडलेलं असतं.

फोनवर काय सांगायचं ते ठरलेलं असावं. सापापासून आठ-दहा फूट लांब एका माणसाने उभं राहायचं आणि नजर हलवायची नाही. नजर सुटली की साप कपाटामागे जातो आणि मग अख्खं घर उपसावं लागतं. पोरं आणि कुत्री बाहेर. रॉकेल, फिनाईल, गरम पाणी काहीही ओतायचं नाही, त्याने साप भाजतो आणि सैरावैरा पळतो. फोटो मिळाला तर उत्तम, पण झूम करून काढलेला. सर्पमित्र मिळत नसेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

आता ‘धाडसी’ या बिरुदाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. साप डिवचल्याशिवाय चावत नाही, हे दाखवणं हा त्यामागचा हेतू होता. पुढे कात्रजचं सर्पोद्यानही त्यांच्याच धडपडीतून उभं राहिलं. लोकांच्या मनात मात्र सापाचा शांतपणा राहिला नाही, माणसाचं धाडस राहिलं. तेव्हापासून गावोगावच्या सर्पमित्राच्या नावामागे ‘किंग’, ‘टायगर’, ‘नागराज’ लागत आले आहेत. असं नाव लागलेल्या माणसाला पाइप आणि पिशवी घेऊन शांतपणे काम करणं जड जातं, कारण नीट केलेल्या कामात बघण्यासारखं काही नसतं.

ते काम कसं असतं ते जरा जवळून बघा. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे नाग आहे असं धरू. लागतात चार गोष्टी: साधारण सव्वा मीटर लांबीचा हलका हुक, ज्याचं टोक गोलसर आणि घासून गुळगुळीत केलेलं; जाड, गडद रंगाच्या सुती कापडाची अडीच-तीन फुटी पिशवी, शिवण दुहेरी आणि शिवणीचे धागे बाहेरच्या अंगाला, नाहीतर सापाचे दात आणि खवले धाग्यांत अडकतात; चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटी तुकडा; आणि चांगला टॉर्च. पिशवीचं तोंड पाइपच्या एका टोकाला रबराने घट्ट बसवायचं. दुसरं टोक भिंतीला चिकटून, सापाच्या वाटेवर ठेवायचं. खोलीतली माणसं बाहेर काढायची, दार लोटायचं, साप दिसेल इतकाच उजेड ठेवायचा. मग डबा हुकाने हळूच बाजूला करायचा. नाग फणा काढेल. काढू दे. आपण हललो नाही तर मिनिट-दोन मिनिटांत तो फणा मिटवतो आणि भिंतीच्या कडेने सरकायला लागतो. समोर अंधारं भोक दिसलं की आपणहून आत शिरतो. हुक फक्त दिशा दाखवायला. शेपटी आत गेली की पाइप उचलून उभा करायचा, साप पिशवीच्या तळाशी उतरला याची खात्री करायची, पाइपच्या खाली पिशवीला हुकाच्या दांड्याने आडवा दाब द्यायचा, आणि त्या दाबाच्या वरच पिळा देऊन, दुमडून गाठ मारायची. गाठ मारताना बोटं पिळ्याच्या खाली जाता कामा नयेत. पिशवी मांडीला किंवा पोटाला टेकवायची नाही, कापडातून दात आरपार येतात. ती झाकणाला भोकं पाडलेल्या बादलीत ठेवायची.

मण्यारीला चार इंची पाइप मोठा पडतो, ती आतच वळून परत बाहेर येते. तिला दोन-अडीच इंची घ्यायचा. फुरसं दीड फुटाच्या आतबाहेर असतं, त्याला पिशवीपेक्षा पारदर्शक बरणी बरी: बरणी आडवी ठेवायची आणि हुकाने आत सरकवायचं. घोणस जड असते, तिला हुकावर तोलताना एक हुक पुरत नाही, दोन लागतात. चिमटा शक्यतो वापरूच नये. त्याच्या जबड्याचा दाब हाताला कळत नाही आणि सापाच्या बरगड्या तुटतात. असा साप सोडताना ठीक दिसतो आणि चार दिवसांनी मरतो, त्यामुळे चिमटा वापरणाऱ्याला आपलं काही चुकलं हे कळतच नाही.

आता याच स्वयंपाकघराबाहेर उभ्या असलेल्या गर्दीने ‘टायगर’ला बोलावलं असेल, तर पिशवी अंगणात उघडली जाते. ‘फणा दाखवा की!’ मग नागाला शेपटीला धरून उचललं जातं, त्याच्या मणक्यांवर सगळं वजन लोंबतं. मग मुंडी धरून फोटो. मुंडी धरण्यात दोघांचंही नुकसान आहे. सापाची कवटी मानेला एकाच लहानशा सांध्यावर टेकलेली असते, तिथे अंगठ्याचा दाब पडला की ती दुखावते. आणि घोणशीचे विषदात दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असतात, ते पुढे-मागे फिरतात. ती स्वतःच्या खालच्या जबड्यातून दात घालून धरणाऱ्याच्या बोटाला चावू शकते. सर्पमित्रांना होणारे दंश हातावर आणि बोटांवर का असतात, याचं उत्तर इथेच आहे. शेतात अंधारात पाय पडून होणारा दंश आणि हा दंश यांची कारणं सर्वस्वी वेगळी आहेत.

त्यानंतर आणखी एक नाव आडवं येतं: ‘त्याला काही होत नाही’. आधी दोनदा चावलाय, अंगात विष पचलंय, असं लोक कौतुकाने म्हणतात आणि तो माणूसही मनातून मानायला लागतो. असं काही नसतं. उलट प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं, आणि ते आधी घेतलेल्याला त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना हे आधी सांगायचं. माणूस सर्पमित्र असो की सहा वर्षांचं मूल, प्रतिविषाची सुरुवात साधारण दहा कुप्यांनीच होते, कारण सापाने सोडलेलं विष माणूस बघून कमी-जास्त होत नाही. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजतही नाही. पापण्या जड होऊन खाली यायला लागल्या की मग धावपळ होते, तोवर तास गेलेले असतात. घट्ट दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये. हात झोळीत घालून हलू न देता दवाखाना गाठायचा. साप मारून न्यायची गरज नाही, लांबून काढलेला फोटो पुरतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच बनलेलं आहे. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापाच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे चापडा ‘सौम्य’ आहे म्हणून हातावर घेणाऱ्यांनी थांबावं.

‘सर्पतज्ज्ञ’ म्हटल्यावर जाणकार माणूस अवघडतो. सापांचं काम जितकं जास्त करावं तितकी ओळखण्यातली चूक किती सहज होते हे कळतं. कवड्या आणि मण्यार घ्या. कवड्या बिनविषारी, मण्यार आपल्याकडच्या सर्वांत जहाल सापांपैकी. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक, बरेचदा जोडीजोडीने. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, कवड्याला ती नसते. कवड्या भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर सहज चढतो. पुस्तकात हे सगळं स्वच्छ वाटतं. पण मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे मानेपासूनच ठळक असू शकतात, कात टाकायला आलेल्या सापाचा रंग मळतो, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात खवले मोजत कोणी बसत नाही. म्हणून पट्टे दिसले की मण्यार समजूनच काम करायचं. ‘मी तज्ज्ञ आहे, हा कवड्याच’ असं म्हणून उघड्या हाताने उचलणाऱ्यांचं काय होतं, हे सर्पमित्रांच्या प्रत्येक गटाला माहीत आहे.

बायकांच्या वाट्याला आणखी वेगळी विशेषणं येतात. बुलढाण्याच्या वनिता बोराडे यांना सर्परक्षणासाठी नारी शक्ती पुरस्कार मिळाला आहे, आणि हे काम करणाऱ्या मुली आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. त्यांची बातमी ‘रणरागिणी’ किंवा ‘सापांशी खेळणारी’ अशीच येते. यात खेळ कुठे आहे? वर सांगितलेली पाइप, पिशवी आणि गाठ त्यांच्याही हातात तीच असते.

राहिला ‘सर्पमित्र’. हा शब्द बहुतेकांना आपला वाटतो आणि मलाही आवडतो. तरी हुक विकत घेतला की कोणीही सर्पमित्र होतो, हे खरं आहे. पकडलेला साप घरी चार-सहा दिवस ठेवून शाळेत दाखवणाराही स्वतःला सर्पमित्रच म्हणवतो, आणि ते बेकायदा आहे. पकडल्यावर वनविभागाला कळवायचं, तारीख, वेळ, जागा, जात, लांबी, जखम असल्यास तिची नोंद करायची आणि शक्य तितक्या लवकर, पकडल्या जागेपासून एक-दोन किलोमीटरच्या आत, वस्तीपासून दूर सोडायचा. लांब जंगलात नेऊन सोडलेल्या सापाला तिथली बिळं आणि पाणी माहीत नसतं. तो भटकत राहतो आणि बरेचदा मरतो. दुसरी गोष्ट पैशाची. मित्राने पेट्रोलही मागू नये असं लोक धरून चालतात, आणि रात्री दोनला वीस किलोमीटर आलेल्या मुलाला चहा पाजून परत पाठवतात. प्रवासखर्च विचारण्यात लाज नाही. सापाचे ‘दर’ ठरवणं मात्र वाईट, त्याने लोक फोन करायचे थांबतात आणि काठी उचलतात.

केरळने २०२० मध्ये साप पकडणाऱ्यांना वनविभागाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. हुक, पाइप, पिशवी हीच पद्धत तिथे शिकवली जाते. आपल्याकडे २०२५ मध्ये सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा झाली. ओळखपत्रावर पदनाम काय असावं यावर चर्चा रंगते, पण त्याच्या मागच्या बाजूला काय छापायचं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: रक्तगट, ॲलर्जी, आधी प्रतिविष घेतलं असल्यास कधी, प्रशिक्षण कोणत्या साली झालं आणि कधी पुन्हा करायचं, घरच्यांचा क्रमांक, आणि चोवीस तास प्रतिविष व व्हेंटिलेटर असलेल्या सगळ्यात जवळच्या रुग्णालयाचं नाव. हे कार्ड खिशात ठेवायचं, पाकिटात नाही. दंश झाल्यावर ते दुसऱ्या कोणाला तरी शोधावं लागणार आहे.