एफ.वाय.ची केमिस्ट्री: थिअरीची वही प्रॅक्टिकलच्या टेबलावर

एफ.वाय.बीएस्सी.ला मी थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या वह्या वेगळ्या ठेवल्या, तीच चूक झाली. पीकेएचे (आम्लाची ताकद सांगणारा आकडा; जितका लहान, तितकं आम्ल तीव्र) आकडे तोंडपाठ होते, पण ऑरगॅनिक स्पॉटिंगमध्ये (अनोळखी सेंद्रिय पदार्थ ओळखण्याच्या प्रॅक्टिकलमध्ये) बायकार्बोनेट आधी का घालायचं ते सांगता येत नव्हतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्यावर पाठांतर बरंच कमी झालं.

बेंझोइक आम्लाचा पीकेए 4.2, कार्बोनिक आम्लाचा 6.4, बीटा-नॅफ्थॉलचा 9.5. बायकार्बोनेटमधून कार्बोनिक आम्ल हाकलायला त्याच्याहून तीव्र आम्ल लागतं, म्हणून बेंझोइक आम्ल सोडियम बायकार्बोनेटमध्ये फसफसतं, नॅफ्थॉल मात्र ढिम्म राहतं आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावरच विरघळतं. ही टेस्ट टाळलीत तर पुढे अडचण येते, कारण दोघांचाही मेल्टिंग पॉइंट 122 अंशांच्या आसपास आहे. अ‍ॅसिटॅनिलाइड आणि मेटा-नायट्रोअ‍ॅनिलिन दोन्ही 114 ला वितळतात, पण पहिलं पांढरं, दुसरं पिवळं. युरिया आणि सिनॅमिक आम्ल 133 च्या जवळपास, मात्र युरिया पाण्यात लगेच विरघळतो. म्हणून रंग, विद्राव्यता, प्रकार (आम्ल, फिनॉल, बेस की न्यूट्रल), मूलद्रव्यं, फंक्शनल ग्रुप (रेणूतला गुणधर्म ठरवणारा अणुगट) असं सगळं झाल्यावरच मेल्टिंग पॉइंट. आधी तो काढून तक्त्यात नाव शोधणारे हमखास फसतात.

पदार्थ ओला असेल तर आकडा खाली येतो आणि वितळणं चार-पाच अंशांवर पसरतं. कॅपिलरीत 2-3 मिलिमीटर पूड ठासून भरावी आणि शेवटचे 10-15 अंश मिनिटाला एक-दोन अंशांच्या वेगानेच चढवावेत.

मूलद्रव्यांच्या परीक्षेत सोडियम फ्यूजन (पदार्थ सोडियमबरोबर तापवून त्यातला नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांत आणणं) नीट जमलं की अर्धं काम झालं. मुगाएवढा सोडियम फिल्टर पेपरवर टिपून कोरडा करायचा, कोरड्या फ्यूजन ट्यूबमध्ये आधी तो वितळवायचा, मग चिमूटभर पदार्थ घालायचा. ट्यूब लालबुंद झाली की 10-15 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून फोडायची, उकळायचं, गाळायचं. गॉगल हवाच. गाळलेलं द्रावण रंगहीन हवं; तपकिरी आलं म्हणजे फ्यूजन अपुरं, सरळ पुन्हा करा. नायट्रोजनसाठी फेरस सल्फेट ताजं हवं आणि आम्ल सल्फ्युरिक हवं. हायड्रोक्लोरिक घातलं तर फेरिक क्लोराइडच्या पिवळेपणामुळे नायट्रोजन दाखवणारा निळा रंग हिरवट दिसतो. हॅलोजनसाठी सिल्व्हर नायट्रेट घालण्याआधी नायट्रिक आम्लासोबत उकळायचं, तेही फ्यूम हूडखाली. नाहीतर सायनाइड आणि सल्फाइडसुद्धा चांदीबरोबर अवक्षेप (न विरघळणारा साका) देतात आणि नसलेला हॅलोजन जर्नलमध्ये जातो.

इनऑरगॅनिकमध्ये, म्हणजे क्षारातले धातूंचे आयन ग्रुपवार अवक्षेप पाडून ओळखताना, गोंधळ बहुतेक वेळा तिसऱ्या ग्रुपला होतो, आणि त्याचं मूळ दुसऱ्यात असतं. दुसऱ्या ग्रुपसाठी, म्हणजे एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड वायू) सोडून सल्फाइड पाडताना, आम्ल साधारण 0.3 मोलर हवं. जास्त झालं तर कॅडमियम सल्फाइड पडतच नाही. ग्रुप संपला की एचटूएस पूर्ण उकळून घालवायचा (लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा होता कामा नये). मग नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालून पुन्हा उकळायचं, कारण एचटूएसने लोहाच्या फेरिक आयनांचं फेरस केलेलं असतं आणि फेरस हायड्रॉक्साइड इथे पूर्ण पडत नाही.

तिसऱ्या ग्रुपला हायड्रॉक्साइड पाडताना अमोनियम क्लोराइड मात्र अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी, आणि भरपूर. थिअरीतला कॉमन आयन इफेक्ट तो हाच: क्लोराइडमधल्या अमोनियम आयनांमुळे अमोनियम हायड्रॉक्साइड कमी हायड्रॉक्साइड आयन सोडतं. फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार (जितका लहान, तितका पदार्थ कमी विरघळतो) 10⁻³⁸ च्या आसपास, मॅग्नेशियमच्या हायड्रॉक्साइडचा 10⁻¹¹ च्या. हायड्रॉक्साइड आयन दाबून ठेवले तरी लोह पडतं, मॅग्नेशियम द्रावणात राहतं. क्लोराइड विसरलात तर मॅग्नेशियमही इथेच खाली बसू शकतं, आणि शेवटच्या ग्रुपमध्ये त्याची वाट बघत बसावं लागतं.

अमोनियमची टेस्ट मूळ क्षारावरच, सोडियम हायड्रॉक्साइड घालून. ग्रुपमधून आलेल्या द्रावणावर केली तर ती दर वेळी येणारच. तो अमोनिया आपणच ओतलेला असतो.