गिरनारची रात्रीची चढण

गुजरातेत जुनागढजवळच्या गिरनार डोंगराची वारी रात्री करायची ती उन्हापायी. भवनाथ तळेटीपासून, म्हणजे पायथ्यापासून, दत्तशिखरापर्यंत ९,९९९ पायऱ्या मोजल्या जातात. दगड तापला की अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही झपाट्यानं जातं. म्हणून आम्ही मित्र रात्री आठपर्यंत खिचडी-ताकासारखं हलकं जेवून घेतो आणि साडेअकराला चढवाव हनुमानाला नमस्कार करून पहिली पायरी चढतो. मिनिटाला चाळीस पायऱ्या धरल्या, तर नुसत्या चालण्याला चार तास दहा मिनिटं लागतात. विसाव्याचा दीड तास मिळवला की पहाटे पाचच्या पुढेमागे शिखरावरच्या दत्तात्रेयांच्या पादुकांपाशी पोचता येतं.

या ९,९९९ मध्ये एक गोष्ट झाकली जाते. सगळ्या पायऱ्या चढणीच्या नाहीत. जैन मंदिरं, मग अंबाजी, मग गोरक्षनाथ असा चढ आहे. गोरक्षनाथ हे गुजरातचं सर्वांत उंच शिखर, सुमारे १,११७ मीटर. तिथून वाट खाली दोन कमानींपर्यंत उतरते आणि एका कमानीतून दत्तशिखराकडे पुन्हा उभी चढते. परतताना हा उतार चढ होऊन समोर उभा राहतो, तोही मांड्या भरून आल्यावर. दर्शन झालं म्हणजे चढ संपला, असं मनाशी धरलेली माणसं इथेच बसतात. दत्तशिखरावर पोचताना अंगात तिसरा हिस्सा ताकद शिल्लक हवी.

ती ताकद सांडते पहिल्या हजार पायऱ्यांत. हवा गार असते, 'जय गिरनारी'चा गजर चाललेला असतो, उत्साहात सगळे धावत सुटतात आणि अंबाजीच्या आसपास पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला, हे ओळखावं. आमच्यात सर्वांत सावकाश चालणारा पुढे असतो. दोनशे पायऱ्यांनी एक मिनिट उभ्यानं थांबतो. बसलं की स्नायू आखडतात. कुणी मागेपुढे झालंच, तर जैन मंदिरं, अंबाजी आणि दोन कमानी या तीन जागी सगळे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. फोनच्या रेंजवर भिस्त ठेवू नये.

पाणी माणशी दीड लिटर, स्टीलच्या बाटलीत. डोंगरावर प्लास्टिकला बंदी आहे, आणि ती मनापासून पाळावी. हे सिंहांचं अभयारण्य आहे. एक लिटरला ओआरएसची एक पुडी, घोटघोट. खायला खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की. वाटेवर दिवे असले तरी कपाळावर बांधायचा टॉर्च हवाच, कारण पायऱ्यांची उंची एकसारखी नाही आणि हातात काठी असते. अंबाजीनंतर वारा झोंबतो. घामेजलेला शर्ट तिथेच बदलून विंडचीटर चढवावा, नाहीतर थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते.

शिखरावर जागा अगदी थोडी आहे. पौर्णिमेला शेवटच्या पायऱ्यांवर रांग लागते आणि पादुकांसमोर क्षणभरही उभं राहायला मिळत नाही, म्हणून आमचं मत सरळ आहे: पौर्णिमा सोडून यावं. हेच पाचवं टोक जैन बांधव बाविसावे तीर्थंकर नेमिनाथांचं निर्वाणस्थान मानतात. तिथे बोलणं-वागणं तेवढ्याच आदराचं हवं.

रविवारी रात्री निघालं, तर सोमवारी सकाळी कमंडलू कुंडावर दर सोमवारी पेटणाऱ्या धुनीचं दर्शन होतं. दुसऱ्या कमानीतून तीनेकशे पायऱ्या खाली जावं लागतं; तेवढ्याच परत चढायच्या आहेत, हे धरूनच ठरवावं. अन्नछत्रात प्रसाद मिळतो. पोटभर जेवू नये, गोरक्षनाथाचा चढ समोरच आहे.

गुडघे दुखतात ते उतरताना. पाऊल तिरकं ठेवावं, काठी आधी खालच्या पायरीवर टेकवावी, बुटांची नाडी घोट्याशी आवळावी. पाय पुढे सरकला की अंगठ्याचं नख काळं पडतं. सराव करताना लोक चढण्याचाच करतात. पुण्यातल्यांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांच्या दहा फेऱ्या कराव्यात आणि उतरताना एकही पायरी गाळू नये. महिनाभर, एक दिवसाआड.

उतरताना अंबाजीला पोचल्यावर गुडघ्याची खरी स्थिती बघावी. ऑक्टोबर २०२० पासून तिथून तळेटीपर्यंत रोपवे आहे आणि त्यानं खाली जाण्यात वारीला काही उणेपणा येत नाही. पण तो दिवसाच चालतो आणि वारा वाढला की बंद ठेवतात. तेव्हा जवळजवळ पाच हजार पायऱ्या उतरायच्याच आहेत, या तयारीनं पाणी राखून ठेवावं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची काढावी. त्याच दुपारी जुनागढ स्टेशनचा जिना चढवत नाही.