पडद्यावरचं काश्मीर

आज सकाळी श्रीनगरमध्ये कांदुरच्या, म्हणजे इथल्या रोटी भाजणाऱ्याच्या दुकानात गरम गिरद्यासाठी, इथल्या गोल रोटीसाठी, थांबले होते. टीव्हीवर काश्मीरवर चर्चा चालू. सहा जण बोलत होते, त्यात काश्मिरी एकही नाही. शेजारच्या चाचांनी विचारलं, "बेटी, तुमच्याकडे आम्ही असेच दिसतो?" मला उत्तर देता आलं नाही. मीही इतकी वर्षं दगड, बंदुका नाहीतर शिकारा एवढंच पाहत आले. पंडितांची आठवणसुद्धा वाद पेटवण्यापुरतीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये इथलं इंटरनेट बंद झालं, ४जी सगळीकडे परतलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. सुरुवातीचे महिने इथले पत्रकार सरकारी केंद्रातल्या मोजक्या कॉम्प्युटरवर पाळी लावून बातम्या पाठवत. त्याच वेळी काश्मिरींना काय वाटतं, हे दूरच्या स्टुडिओंत ठरत होतं. फार लाज वाटली.

निघताना चाचांनी माझ्या गिरद्याचे पैसे देऊन टाकले.